पॉपायचा पालक आणि न चुकलेला दशांशचिन्ह

ताटात पालकाची भाजी पडली की नाक मुरडणाऱ्या मुलांना समजावण्याचे दोन मार्ग घरोघरी ठरलेले असतात. आजी म्हणते, ‘खा रे बाळा, रक्त वाढतं.’ कार्टून बघत वाढलेले आई-बाबा म्हणतात, ‘पॉपाय कसा डबा फोडून पालक खातो आणि त्याचे दंड कसे टरारून फुगतात, बघितलंस ना?’ मग घरातलंच कुणी तरी चार पुस्तकं जास्त वाचलेलं माणूस मध्ये पडतं आणि सांगतं, ‘अहो, ते सगळं खोटं आहे. एका शास्त्रज्ञाने पालकातलं लोह लिहिताना दशांशचिन्ह चुकीच्या जागी दिलं. लोह दहापट दिसलं आणि साऱ्या जगाने उगाच पालक खाल्ला!’

ही तिसरी गोष्ट ऐकायला फारच छान आहे. वर्गात, व्याख्यानात, मोबाइलवर फिरणाऱ्या संदेशांत ती आवर्जून सांगितली जाते. अडचण एवढीच, की तिलाही पुरावा नाही. आणि पालकाचा रक्ताशी जो खरा संबंध आहे, त्याचा धागा थेट मुंबईतल्या परळच्या एका संस्थेपर्यंत येतो. तो मात्र फारसा कुणी सांगत नाही.

दशांशचिन्हाची दंतकथा

दशांशचिन्हाची गोष्ट जगभर पसरली ती १९८१मध्ये. टेरेन्स हॅम्ब्लिन या ब्रिटिश रक्तविकारतज्ज्ञांनी ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’ या नावाजलेल्या नियतकालिकात विज्ञानातल्या फसवणुकींवर एक खुसखुशीत लेख लिहिला. एकोणिसाव्या शतकातल्या जर्मन विश्लेषणात दशांशचिन्ह चुकलं, त्यामुळे पालकातलं लोह दहापट दिसलं, १९३०च्या दशकात ही चूक उघडकीस आली आणि पॉपायचा पालक त्याच चुकीतून जन्मला, असा त्याचा आशय होता. लेखात या माहितीचा आधार मात्र दिलेला नव्हता. पण नियतकालिक मोठं, लिहिणारे डॉक्टर आणि गोष्ट चटकदार! पुढच्या लेखकांनी हॅम्ब्लिन यांचा दाखला दिला, त्यांच्यापुढच्यांनी त्या लेखकांचा. मूळ जर्मन कागद उघडून पाहण्याची तसदी फारशी कुणी घेतली नाही.

२०१०मध्ये माइक सटन या ब्रिटिश अभ्यासकाने ही तसदी घेतली. जुनी प्रकाशनं धुंडाळूनही त्यांना त्या चुकलेल्या दशांशचिन्हाचा पुरावा सापडला नाही. २०१४मध्ये नॉर्वेचे ओले ब्योर्न रेकदाल यांनी याच गोष्टीवर एक शोधनिबंध लिहिला आणि विद्वानांच्या जगातही दंतकथा कशा तयार होतात, ते दाखवून दिलं. गंमत अशी, की दुसऱ्यांनी आकडे नीट तपासले नाहीत हे पटवण्यासाठी सांगितली जाणारी ही गोष्ट सांगणाऱ्यांनीच तपासलेली नव्हती.

मग दहापटीचा गोंधळ कधी झालाच नसेल का? तो होण्यासाठी चिन्ह चुकण्याची गरजच नाही. ताज्या पालकात नव्वद टक्क्यांहून अधिक पाणीच असतं. तो पूर्ण वाळवून त्याची पूड तपासली, तर तेवढ्याच वजनात लोह साधारण दहापट भरतं. वाळलेल्या पालकाचा आकडा कुणी ताज्या जुडीला लावला, की झालाच गोंधळ. पानांना चिकटलेल्या मातीतही लोह असतं, तीही प्रयोगशाळेत आकडा फुगवू शकते.

वस्तुस्थिती साधी आहे. १०० ग्रॅम ताज्या पालकात साधारण ३ मिलिग्रॅम लोह असतं. पालेभाजी म्हणून ते वाईट नाही, पण चमत्कार म्हणावा असंही काही नाही.

पॉपाय पालक का खात होता?

ई. सी. सीगर या अमेरिकी चित्रकाराने पॉपायला १७ जानेवारी १९२९ रोजी वर्तमानपत्रातल्या चित्रपट्टीत प्रथम आणलं. पुढे १९३३पासून तो पडद्यावर आला. पालक पिकवणारे शेतकरी त्याच्यावर इतके खूश होते, की अमेरिकेच्या टेक्सास राज्यात क्रिस्टल सिटी या गावाने १९३७मध्ये चक्क त्याचा पुतळा उभारला.

पण पॉपाय लोहासाठी पालक खात होता का? सटन यांनी जुन्या चित्रपट्ट्या चाळल्या, तेव्हा १९३२मधल्या एका पट्टीत पॉपाय स्वतःच कारण सांगताना दिसला. पालकात ‘अ’ जीवनसत्त्व भरपूर असतं, म्हणून माणूस सशक्त होतो, असं त्याचं म्हणणं. लोहाचं नावही नाही! आणि त्याचं हे म्हणणं बरंचसं बरोबर होतं. गाजराला नारिंगी रंग देणारं बीटा कॅरोटिन पालकातही भरपूर असतं. हिरव्या रंगाखाली ते झाकलं जातं, एवढंच. आपलं शरीर त्यापासून ‘अ’ जीवनसत्त्व तयार करतं.

याच जीवनसत्त्वाच्या नावावर आणखी एक प्रसिद्ध गोष्ट आहे. १९४०मध्ये जर्मन विमानं रात्री ब्रिटनवर बॉम्ब टाकत होती. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये ब्रिटिश वैमानिक जॉन कनिंगहॅम यांनी विमानात बसवलेल्या रडारच्या मदतीने अंधारात शत्रूचं विमान पाडलं. युद्ध संपेपर्यंत त्यांच्या नावावर २० विमानं जमा झाली, त्यातली १९ रात्री पाडलेली. विमानातलं रडार गुप्त ठेवायचं होतं. त्यामुळे लोकांना सांगण्यात आलं, की आमचे वैमानिक गाजरं खातात, म्हणून त्यांना अंधारात मांजरासारखं दिसतं. कनिंगहॅम यांना ‘मांजरडोळ्या’ हे टोपणनावही चिकटलं. ते त्यांना मुळीच आवडत नसे.

जर्मन सेनाधिकारी या थापेला फसले, असं दाखवणारा ठोस पुरावा नाही. ब्रिटिश जनता मात्र फसली. साखर रेशनवर होती, गाजरं मुबलक होती आणि रात्री रस्त्यावर दिवे लावायला बंदी होती. सरकारच्या अन्न खात्याने ‘डॉक्टर कॅरट’ नावाचं हसरं गाजर जाहिरातींत आणलं आणि गाजर खा, अंधारात नीट दिसेल, असा प्रचार केला. त्या प्रचाराचा पगडा आजही कायम आहे. डोळ्याला चष्मा लागला, की पहिला सल्ला गाजराचाच मिळतो.

गाजराने चष्म्याचा नंबर उतरत नाही आणि निरोगी माणसाला अंधारात जास्त दिसायलाही लागत नाही. पण ‘अ’ जीवनसत्त्वाची कमतरता असेल, तर मात्र संध्याकाळ झाली की दिसेनासं होतं. मंद प्रकाशात पाहण्यासाठी डोळ्याच्या पडद्यातल्या पेशींना जे रंगद्रव्य लागतं, ते या जीवनसत्त्वापासूनच बनतं. यालाच रातांधळेपणा म्हणतात. लहान मुलांत कमतरता वाढत गेली तर डोळे कोरडे पडतात, बुबुळावर जखमा होतात आणि दृष्टी कायमची जाऊ शकते. म्हणून आपल्या देशात १९७०पासून लहान मुलांना ‘अ’ जीवनसत्त्वाचे डोस दिले जातात. पहिला डोस नवव्या महिन्यात गोवराच्या लसीबरोबर आणि नंतर पाच वर्षांचं होईपर्यंत दर सहा महिन्यांनी. मूल संध्याकाळी चाचपडत असेल, वस्तूंना धडकत असेल, तर गाजराचा हलवा करत न बसता त्याला डॉक्टरांकडे न्यावं.

परळची माकडं आणि गिरणीतल्या बायका

आता आजीच्या म्हणण्याकडे वळू. पालकाने रक्त वाढतं, हे तिचं वाक्य खोटं म्हणून मोडीत काढायचं का? इथेच मुंबईची गोष्ट सुरू होते.

१९२०च्या दशकाच्या शेवटी मुंबईतल्या कापड गिरण्यांत काम करणाऱ्या गरीब स्त्रियांमध्ये गरोदरपणी एक जीवघेणा पंडुरोग दिसत होता. चेहरा पांढराफटक, चार पावलं चाललं की धाप आणि बाळंतपणात जिवावर बेतायचं. सूक्ष्मदर्शकाखाली रक्त पाहिलं की तांबड्या पेशी संख्येने कमी, पण नेहमीपेक्षा मोठ्या आकाराच्या दिसत. लोह कमी असेल, तर पेशी लहान आणि फिक्या होतात. इथे प्रकार उलटा होता. हा लोहाचा प्रश्न दिसत नव्हता.

त्याचा शोध घेण्यासाठी १९२८मध्ये लूसी विल्स नावाच्या ब्रिटिश डॉक्टर मुंबईत आल्या. त्यांचं काम परळच्या हाफकिन संस्थेतून चाले. त्याला पैसा पुरवत होती इंडियन रिसर्च फंड असोसिएशन, म्हणजे आजच्या आयसीएमआरची पूर्वज संस्था. विल्स यांनी आधी जंतुसंसर्ग शोधला. तो सापडेना. मग त्यांनी या बायका रोज काय खातात, याची बारकाईने पाहणी केली. आहार अगदीच निकृष्ट होता. तसाच आहार त्यांनी आधी उंदरांना आणि मग माकडांना दिला. माकडांनाही तसाच पंडुरोग झाला.

त्या वेळी रक्तविकारावर यकृताचा अर्क हे नवं औषध होतं, पण ते महाग. विल्स यांनी वेगवेगळे पदार्थ देऊन पाहिले. त्यात एक होतं मार्माइट. दारू गाळताना उरलेल्या यीस्टपासून बनणारी ही काळपट, खारट चटणी ब्रिटनमध्ये पावाला लावून खातात. मार्माइट दिलेलं माकड सुधारलं. मग ते रुग्ण स्त्रियांना देण्यात आलं आणि त्याही झपाट्याने बऱ्या होऊ लागल्या. १९३१मध्ये विल्स यांनी हे निष्कर्ष ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये प्रसिद्ध केले. ज्या नियतकालिकात पन्नास वर्षांनी दशांशचिन्हाची दंतकथा छापून आली, तेच हे!

मार्माइटमध्ये नेमकं काय आहे, हे तेव्हा कळलं नव्हतं. त्या अज्ञात घटकाला ‘विल्स फॅक्टर’ म्हटलं जाऊ लागलं. दहा वर्षांनी, १९४१मध्ये टेक्सास विद्यापीठातल्या शास्त्रज्ञांनी एका पानातून एक नवं द्रव्य वेगळं काढलं. त्यासाठी त्यांनी तब्बल चार टन पाला वापरला. पानाला लॅटिनमध्ये ‘फोलियम’ म्हणतात, त्यावरून नाव ठेवलं फोलिक अ‍ॅसिड. मुंबईतल्या बायकांना ज्याने वाचवलं, ते हेच जीवनसत्त्व होतं, हे पुढे स्पष्ट झालं. आणि तो चार टन पाला होता पालकाचा! पॉपायचा पुतळा ज्या राज्यात आहे, त्याच राज्यात पालकाचं रक्ताशी असलेलं खरं नातं सापडलं.

पुढे १९४०च्या दशकात फोलिक अ‍ॅसिड प्रयोगशाळेत तयार करणाऱ्या चमूचं नेतृत्व यल्लाप्रगडा सुब्बाराव या भारतीय शास्त्रज्ञाकडे होतं. फोलिक अ‍ॅसिडचं काम अडवणारी औषधंही त्यांच्याच प्रयोगशाळेत तयार झाली आणि १९४८मध्ये त्यातल्या एकाने रक्ताचा कर्करोग झालेल्या लहान मुलांना, तात्पुरता का होईना, पहिल्यांदाच उतार पडला.

आज गरोदर स्त्रीला दवाखान्यात मिळणाऱ्या गोळीत लोहाबरोबर फोलिक अ‍ॅसिड असतं, त्याचं मूळ परळच्या त्या कामात आहे. त्याचा आणखी एक उपयोग नंतर कळला. बाळाचा मेंदू आणि मज्जारज्जू ज्या नळीपासून बनतात, ती नळी गर्भधारणेनंतर साधारण २८ दिवसांत बंद होते. त्या वेळी फोलिक अ‍ॅसिड कमी पडलं, तर पाठीच्या कण्यात गंभीर व्यंग राहू शकतं. १९९१मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोठ्या चाचणीने हे सिद्ध केलं. पण २८व्या दिवशी दिवस गेल्याचं अनेकींना कळलेलंही नसतं. म्हणून मूल हवं असं ठरवलं, की तेव्हापासूनच डॉक्टरांच्या सल्ल्याने ही गोळी सुरू करायची असते.

मग लोहाचं काय?

फोलिक अ‍ॅसिडची गोष्ट खरी असली, तरी आपल्याकडे रक्तक्षयाचं सर्वांत मोठं ज्ञात कारण लोहाची कमतरता हेच मानलं जातं. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीनुसार (२०१९-२१) देशातल्या १५ ते ४९ वयोगटातल्या ५७ टक्के स्त्रियांना रक्तक्षय आहे. महाराष्ट्रात हे प्रमाण ५४.२ टक्के आहे. त्याआधीच्या फेरीत ते ४८ टक्के होतं. बोटाच्या टोकातून घेतलेल्या थेंबाऐवजी शिरेतलं रक्त तपासलं तर हे आकडे काहीसे कमी येतील, असं काही तज्ज्ञ म्हणतात. तसं धरलं, तरी प्रश्न लहान होत नाही.

आयसीएमआरच्या शिफारशीनुसार प्रौढ स्त्रीच्या आहारात दिवसाला २९ मिलिग्रॅम आणि पुरुषाच्या आहारात १९ मिलिग्रॅम लोह हवं. नुसत्या पालकातून २९ मिलिग्रॅम मिळवायचं, तर रोज जवळपास एक किलो पालक खावा लागेल. शिवाय पोटात गेलेलं सगळं लोह रक्तात जात नाही. मटण, कलेजी, मासे यांतलं लोह तुलनेने सहज शोषलं जातं. धान्य, डाळी आणि पालेभाज्यांतलं लोह फारच कमी शोषलं जातं. पालकातली पॉलिफेनॉल आणि ऑक्झलेट ही द्रव्यं खनिजांना बांधून ठेवतात, त्यामुळे त्यातलं लोह आणखी कमी हाती लागतं.

बीटाचंही तसंच. कापलं की हात लाल होतात, म्हणून ते रक्त वाढवतं, असा समज आहे. तो लाल रंग बीटातल्या रंगद्रव्याचा, त्याचा हिमोग्लोबिनशी संबंध नाही. बीटात लोह पालकापेक्षाही कमी असतं.

शोषण वाढवण्याचे उपाय मात्र स्वयंपाकघरातच आहेत आणि त्यातले बरेचसे आपल्या चवीत आधीपासून मुरलेले आहेत. ‘क’ जीवनसत्त्व वनस्पतींतलं लोह शोषायला मदत करतं, म्हणून भाजी-आमटीवर लिंबू पिळावं, जेवणात आवळा, पेरू किंवा कच्चा टोमॅटो असावा. ‘क’ जीवनसत्त्व उष्णतेने कमी होतं, त्यामुळे लिंबू शेवटी, ताटात पिळलेलं बरं. मटकी, मूग यांना मोड आणले, की लोहाला अडवणारी द्रव्यं कमी होतात. लोखंडी कढईत आंबट आमटी किंवा टोमॅटोची भाजी केली, तर भांड्यातलं थोडं लोह अन्नात उतरतं. पालकातलं फोलिक अ‍ॅसिड उष्णतेने आणि पाण्याने जातं, तेव्हा तो फार वेळ शिजवू नये आणि उकळलेलं पाणी फेकू नये.

उलट चहा आणि कॉफी जेवणाबरोबर घेतली, तर त्या जेवणातल्या लोहाचं शोषण निम्म्याहूनही खाली येऊ शकतं. पोहे, उपमा आणि त्याबरोबर वाफाळता चहा हा मराठी घरातला नाश्ता इथेच मार खातो. चहा सोडायची गरज नाही. तो तासभर पुढे ढकलला, तरी फरक पडतो.

गोळीला पर्याय नाही, तेव्हा

एकदा रक्तक्षय झाला, की नुसत्या आहाराने तो भरून काढणं कठीण असतं. गरोदर नसलेल्या स्त्रीचं हिमोग्लोबिन १२च्या खाली, गरोदर स्त्रीचं ११च्या खाली आणि पुरुषाचं १३च्या खाली गेलं, तर तो रक्तक्षय. सतत थकवा, जिना चढताना धाप, छातीत धडधड, कामात लक्ष न लागणं, माती, खडू किंवा कच्चे तांदूळ खावेसे वाटणं ही त्याची लक्षणं. घरातली बाई ‘जरा दमल्यासारखं होतंय’ म्हणत वर्षानुवर्षं ओढत राहते, तेव्हा बऱ्याचदा त्यामागे हेच असतं.

‘अ‍ॅनिमियामुक्त भारत’ मोहिमेत शाळेत किशोरवयीन मुला-मुलींना आठवड्याला निळी गोळी आणि गरोदर स्त्रियांना १८० दिवस रोज लाल गोळी मोफत मिळते. गोळीने शौचाला काळं होतं, कधी मळमळतं किंवा बद्धकोष्ठ होतं, म्हणून अनेक जणी ती गुपचूप टाकून देतात. काळं होणं निरुपद्रवी आहे. बाकीचा त्रास डॉक्टरांना सांगितला, तर वेळ किंवा औषध बदलता येतं. गोळी चहा किंवा दुधाबरोबर घेऊ नये, पाण्याबरोबर किंवा लिंबूपाण्याबरोबर घ्यावी.

सगळा रक्तक्षय लोहाचाच असतो, असंही नाही. ‘ब-१२’ जीवनसत्त्वाची कमतरता, पोटातले जंत, पाळीत होणारा जास्त रक्तस्राव, मूळव्याध, थॅलेसेमिया अशी अनेक कारणं असतात. विदर्भात आणि नंदुरबारसारख्या भागात सिकलसेलचाही विचार करावा लागतो. पुरुषांमध्ये किंवा पाळी थांबलेल्या स्त्रियांमध्ये लोह कमी झालं, तर आतड्यातून कुठे रक्त जातंय का, हे शोधणं गरजेचं असतं. म्हणून कारण न शोधता मनाने वर्षभर लोहाची टॉनिकं पीत राहणं धोक्याचं. शरीराला जादा लोह बाहेर टाकायची सोय नाही, हेही लक्षात ठेवायला हवं.

आजी म्हणते त्यात तथ्य आहे, पण पालकामुळे रक्ताला मिळतं ते मुख्यतः फोलिक अ‍ॅसिड. पॉपायचंही बरोबर होतं, पण तो बोलत होता ‘अ’ जीवनसत्त्वाबद्दल. चुकीची ठरली ती दशांशचिन्हाची गोष्ट. तेव्हा पालक जरूर खावा, वर लिंबू पिळून खावा. आणि घरातलं कुणी सारखं दमत असेल, तर पालकाच्या जुडीबरोबरच हिमोग्लोबिनची एक साधी तपासणीही करून घ्यावी. सरकारी आरोग्य केंद्रात ती होते आणि तिच्यासाठी रक्ताचे थोडेच थेंब लागतात.